एका तासात कळतं, त्यानंतर काय?

गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीत तयार झालेली एक चिप रोज माझ्या हातातून जाते. दोन बोटांत धरता येईल एवढी. तिच्यावर एक बारीकसा खळगा असतो आणि त्यात सहा मायक्रोलिटर द्रव सोडायचा असतो, म्हणजे आपण ज्याला थेंब म्हणतो त्याचाही लहानसा भाग. खळग्याखाली चिपचा स्वतःचा हीटर आणि तापमान मोजणारा सेन्सर. द्रवात क्षयरोगाच्या जंतूचा डीएनए असेल, तर गरम-गार होण्याच्या प्रत्येक फेरीत त्याच्या प्रती दुप्पट होत जातात, त्याबरोबर प्रकाशाचा सिग्नल वाढतो आणि पडद्यावर एक रेघ वर चढायला लागते. रेघ चढली तर जंतू सापडला. सपाट राहिली तर नाही.

या यंत्रणेचं नाव ट्रूनॅट. बंगळुरूच्या बिगटेक लॅब्जमध्ये तिचं संशोधन झालं, मोलबायो डायग्नोस्टिक्स ही कंपनी ती बनवते आणि 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने टीबीच्या निदानासाठी तिची शिफारस केली. ती बॅटरीवर चालते, तिला एसीची खोली लागत नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 ला टेकतो तेव्हा तिच्यासाठी एक जादा पंखा तेवढा मागून आणावा लागतो. थुंकीच्या डबीपासून निकालापर्यंत साधारण एक तास. काटेकोर बोलायचं तर सगळी प्रयोगशाळा चिपवर मावलेली नाही. थुंकी पातळ करणं आणि डीएनए वेगळा काढणं चिपच्या बाहेर, शेजारच्या मशीनमध्ये होतं. पण पूर्वी ज्यासाठी मोठ्या शहरातली लॅब लागायची, ते आता एका टेबलावर होतं.

हे टेबल धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात आहे आणि मी तिथे लॅब टेक्निशियन आहे. कॉन्ट्रॅक्टवर. त्याआधी जळगाव जिल्ह्यात होते. सोबत शिकलेले मित्र विचारतात, ‘तुझ्या कामात विचार करण्यासारखं काय आहे? मशीन सांगतं, तू प्रिंट काढतेस.’ मला मात्र त्या प्रिंटच्या भोवतीच सगळा विचार अडकलेला दिसतो. माणसाला त्याच्या शरीराबद्दल खरं ते कळणं हे नेहमी चांगलंच असतं का? आणि ज्याने ते कळवलं, त्याच्यावर पुढचं काही येणं लागतं का, की प्रिंट दिली आणि काम संपलं?

आधी जुन्या दिवसांबद्दल. रॉबर्ट कॉखने 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये टीबीच्या जंतूचा शोध जाहीर केला. त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं आपल्यासारख्या देशांत निदानाची मुख्य पद्धत एकच राहिली: काचेवर थुंकी पसरायची, रंगवायची आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून लाल काड्या शोधायच्या. एक मिलिलिटर थुंकीत साधारण पाच ते दहा हजार जंतू असतील तेव्हा कुठे ते डोळ्याला दिसतात. चिपला शंभराच्या आसपास पुरतात. औषधाला जंतू दाद देतो की नाही हे बघायचं तर कल्चर लावायचं आणि सहा-आठ आठवडे थांबायचं. आता रिफॅम्पिसिन चालेल की नाही हे दुसरी चिप आणखी एका तासात सांगते.

त्या थांबण्याबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही. आज एक डबी, उद्या सकाळी दुसरी, असं सांगितलं की अनेक जण दुसऱ्या दिवशी यायचेच नाहीत. साक्री किंवा शिरपूरच्या डोंगराकडच्या पाड्यावरून यायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं. ऊसतोडीला निघालेली जोडपी तर टोळीबरोबर निघूनच जायची. कल्चरच्या दोन महिन्यांत चुकीच्या गोळ्या पोटात जायच्या आणि घरातल्या लहान पोरांना संसर्ग व्हायचा. उशिराने माणसं मेली आहेत. म्हणून वेग ही चांगलीच गोष्ट आहे, हे मी आधीच सांगून टाकते.

पण वेगाने एक गोष्ट उघडी पाडली. पूर्वी निकाल आणि माणूस यांच्यात वेळ होता. त्या वेळात कागद लॅबमधून डॉक्टरांकडे जायचा, डॉक्टर पेशंटला बोलावून सांगायचे, आणि सांगणं हे कोणाचं तरी ठरलेलं काम असायचं. आता माणूस बाहेरच्या बाकावर बसलेला असतो. त्याला माहीत असतं की मशीन तासाभरात बोलतं. मी दार उघडलं की तो माझ्या तोंडाकडे बघतो. ‘काय निंघनं ताई?’ नियमाने निदान सांगायचं काम डॉक्टरांचं. डॉक्टर ओपीडीत सत्तर जणांच्या गर्दीत असतात. मी काही बोलले नाही तरी माझा चेहरा बोलून जातो. म्हणजे आता मी गप्प बसले तर तेही एक उत्तरच होतं.

इथे मला अमळनेरची आठवण येते. जळगाव जिल्ह्यातल्या या गावात 1916 साली प्रताप शेठ यांनी तत्त्वज्ञान मंदिर काढलं. साने गुरुजीही काही काळ तिथे शिकले. त्या संस्थेशी जोडलेल्या जी. आर. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी मिळून 1933 मध्ये इंग्रजीत एक पुस्तक काढलं, ज्याचं नाव होतं ‘अज्ञान’. आपल्या खानदेशात बसून तीन माणसं ‘न कळणं’ या एकाच गोष्टीवर पुस्तक लिहीत होती, हे मला एम.ए. करणाऱ्या एका मैत्रिणीमुळे कळलं.

त्यामागचा वेदान्तातला जुना प्रश्न असा आहे: अज्ञान म्हणजे फक्त ज्ञान नसणं, रिकामी जागा? की अज्ञान स्वतःच एक असलेली, काम करणारी गोष्ट आहे? अद्वैतवाले दुसऱ्या बाजूचे. त्यांच्या मते अज्ञान खरं ते झाकतं, आणि नुसतं झाकून थांबत नाही, त्याच्यावर भलतंच काहीतरी उभं करतं. अंधारात दोरी झाकली जाते आणि तिच्या जागी साप दिसतो.

माझ्या बाकावर हे रोज दिसतं. खोकणारा माणूस इथे येतो तेव्हा त्याच्याकडे ‘माहिती नाही’ अशी कोरी पाटी नसतेच. मेडिकलवाल्याने दिलेलं कफ सिरप असतं, धुळीची ॲलर्जी असते, कोणीतरी काहीतरी खायला घातल्याचा संशय असतो, भगताने बांधलेला दोरा असतो, ‘आपल्या घरात असलं काही नाही’ ही आईची खात्री असते. अज्ञानाची जागा गच्च भरलेली असते. चिप त्यात एक शब्द टाकते, पण आधीचं सामान आपोआप बाहेर जात नाही.

दुसरीकडे दोरी-सापाचं उदाहरण इथे उलटंही होतं. दिवा लावला, दोरी दिसली की भीती जाते, असं शास्त्र सांगतं. आमच्याकडे दिवा लावला की खराच साप दिसतो आणि भीती तिथून सुरू होते. शिवाय या दिव्यालाही मर्यादा आहे. चिपला डीएनए दिसतो; तो जंतू जिवंत आहे की मेलेला, हे तिला कळत नाही. पूर्वी उपचार घेऊन बरा झालेला माणूस आला तर जुन्या आजाराचे अवशेषही रेघ वर चढवू शकतात. म्हणून खरं ज्ञान चिपवर पूर्ण होत नाही. त्या माणसाला ‘आधी गोळ्या घेतल्या होत्या का?’ असं विचारणारं कोणीतरी लागतं.

एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. विशीतली एक मुलगी आईबरोबर आली होती. लग्न ठरलेलं, तारीख जवळ. निकालाची वेळ झाली तेव्हा आई एकटीच आत आली आणि हळू आवाजात म्हणाली, ‘मॅडम, जे असेल ते मला सांगा. तिला सांगू नका. लग्न मोडेल.’

या आईला अडाणी म्हणणं फार सोपं आहे. तिला तिचा समाज नीट माहीत होता. टीबीच्या गोळ्या सहा महिने, पण ‘तिला टीबी होता’ हे वाक्य आयुष्यभर, हा हिशेब तिने मनात केलेला होता. तिच्या बाजूने विचार केला तर न कळणं ही मुलीला दिलेली ढालच होती.

तरी ते मान्य करता येत नव्हतं, आणि का नाही हे मला पुढे बरेच दिवस स्वतःला समजावून सांगावं लागलं. मुलगी सज्ञान आहे एवढं कायद्याचं उत्तर पुरेसं नाही. खरं कारण असं की गोळ्या तिला गिळायच्या आहेत. लघवी लाल-केशरी होणं, मळमळ, सहा महिने एकही दिवस न चुकवणं, हे सगळं तिच्या शरीराने करायचं आहे. ज्याच्या शरीरावर निर्णयाचं ओझं आहे, त्याच्यापासून निर्णयाचं कारण लपवणं म्हणजे त्याला हमाल करणं. मी आईला म्हटलं, ‘काकू, रिपोर्ट तिचा आहे. डॉक्टर तिला सांगतील, तुम्ही शेजारी बसा.’

डॉक्टरांनी सांगितलं. ती रडेल असं मला वाटलं होतं. तिने एकच प्रश्न विचारला: ‘सहा महिन्यांच्या गोळ्या मी तिकडे कुठे ठेवू?’

पुढे काय झालं ते तिचं आहे, इथे लिहिणार नाही. पण तिच्या प्रश्नाने मला एक फरक दाखवला. टीबीचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणं 2012 पासून बंधनकारक आहे आणि ते योग्यच आहे, कारण आजार हवेतून पसरतो आणि घरातल्या माणसांची तपासणी व्हायला हवी. ज्याला संसर्गाचा धोका आहे, त्याला कळण्याचा हक्क आहे. ज्याला फक्त नकार द्यायला कारण हवं आहे, त्याला तो हक्क नाही. अडचण अशी की होणारा नवरा एकाच वेळी दोन्ही असू शकतो. तेव्हा त्याला सांगायचं का, कधी, कोणत्या शब्दांत, हे तिने ठरवायचं. नीट उपचार सुरू झाले की संसर्गाची शक्यता झपाट्याने कमी होते, ही माहिती तिच्याकडे हवी. तिने सांगायचं ठरवलं तर तिच्या शेजारी बसून बोलणारं कोणी तरी हवं. तेवढं देणं आमच्याकडे लागत होतं.

आता यावरचा सगळ्यात मजबूत आक्षेप. माझा एक वरिष्ठ सहकारी म्हणतो, ‘तू निदानाच्या गळ्यात सगळ्या जगाची जबाबदारी अडकवतेस. औषधं, समुपदेशन, समाज, सगळं तयार झाल्यावरच तपासायचं म्हटलं तर तपासणी कधीच होणार नाही. लॅबचं काम खरं ते सांगणं. बाकीचं बाकीच्यांनी बघावं.’

त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि त्याची परीक्षाही झाली. 2024 च्या सुरुवातीला देशात टीबीच्या औषधांचा तुटवडा पडला. मार्चमध्ये केंद्राने राज्यांना औषधं स्थानिक पातळीवर खरेदी करायला सांगितलं. अशा वेळी चिप चालवायची का? घरी द्यायला गोळ्या नसताना माणसाला ‘तुला टीबी आहे’ सांगणं ही क्रूरता नाही का?

मी यावर खूप विचार केला आणि माझं उत्तर ‘चालवायची’ असंच आलं. कारण न तपासलेल्या माणसाचं कोणाकडेच काही मागणं नसतं. तो नुसता खोकत असतो. तपासलेल्या माणसाचा निक्षय पोर्टलवर नंबर असतो. त्या नंबरावर त्याला पोषणासाठीचे पैसे मिळायला हवेत. 2018 पासून महिन्याला 500 रुपये होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. गोळ्या संपल्या तर ‘माझ्या गोळ्या कुठे आहेत?’ असं तो विचारू शकतो, आणि तुटवडा किती मोठा आहे हेही अशाच नंबरांची बेरीज केल्यावर कळतं. म्हणजे निदानाने माणसावर फक्त ओझं पडत नाही, त्याच्या हातात एक हक्काचा कागद येतो. औषध नाही म्हणून तपासणीच बंद केली, तर आपण त्याचं दुःख वाचवत नाही, त्याची तक्रार पुसून टाकतो.

पण हे तेव्हाच खरं, जेव्हा तो कागद त्याच्या हातात असतो आणि त्याचा अर्थ त्याला समजावलेला असतो. इथे माझं सहकाऱ्याशी पटत नाही. लॅबने खरं ते सांगावं, मान्य. पण इंग्रजीत छापलेली दोन इंच पट्टी फाइलला टाचणं म्हणजे सांगणं नव्हे.

निदान आणि लक्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जळगावने 2020 मध्ये फार वाईट पद्धतीने पाहिलं. त्या उन्हाळ्यात सुरुवातीला जळगावचे स्वॅब तपासायला धुळ्याला जायचे आणि सगळे रिपोर्टची वाट बघत असायचे. कधी येतो, काय येतो, याच्यापलीकडे बोलणं नव्हतं. जूनमध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयातून एक वृद्ध करोनाबाधित महिला बेपत्ता झाली आणि आठ दिवसांनी रुग्णालयाच्याच स्वच्छतागृहात तिचा मृतदेह सापडला. तिचं निदान झालेलं होतं. आजार माहीत होता, नाव नोंदलेलं होतं. माहिती होती, पण ती माहिती घेऊन तिच्याकडे बघायला जाणारं कोणी नव्हतं. चाचण्यांचा वेग कितीही वाढला तरी ही जागा चिपने भरत नाही.

टीबीला निदान औषध तरी आहे. सिकलसेलकडे आलं की प्रश्न अजून अवघड होतो. सातपुड्याच्या पट्ट्यात, चोपडा-यावलपासून शिरपूर आणि पुढे नंदुरबारपर्यंत, आदिवासी समाजात हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. लायनस पॉलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1949 मध्ये दाखवलं की यात हिमोग्लोबिनचा रेणूच वेगळा असतो. रेणूच्या पातळीवर कारण सापडलेला हा पहिला आजार. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असं तिचं उद्दिष्ट आहे. बोटातून थेंबभर रक्त, एक पट्टी, काही मिनिटं, आणि हातात कार्ड.

या कार्डांवर बरेचदा लिहिलेलं असतं की हा माणूस वाहक आहे. म्हणजे तो साधारणपणे निरोगीच असतो. त्याला औषध द्यायचं नसतं, त्याच्यापासून कोणाला संसर्ग होत नाही. फक्त दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. म्हणजे हे ज्ञान आजच्या शरीराबद्दल नसून उद्याच्या लग्नाबद्दल आहे. हे कळू नये असं मी म्हणणार नाही. सिकलसेलच्या वेदनेने तळमळणारं मूल ज्याने पाहिलंय तो तसं म्हणूच शकत नाही. पण ‘लग्नाआधी कार्ड जुळवा’ असं सांगितलं जातं तेव्हा मी बघते, कार्ड आधी कोणाचं मागितलं जातं? मुलीचं. मुलाचं कार्ड घरी विसरलेलं असतं. दोन वाहक एकत्र आले तरच धोका, हे गणित सगळ्यांना शिकवलं नाही, तर वाहक मुलगी एकटीच ‘दोषी’ ठरते. रक्ताचा थेंब सगळ्यांचा सारखाच घेतला जातो, पण निकालाचं वजन सगळ्यांवर सारखं पडत नाही.

या सगळ्यातून मी माझ्यापुरते तीन नियम काढले आहेत. पहिला: निकाल आधी त्या माणसाचा, ज्याचं शरीर आहे. दुसरा: डबी हातात देतानाच सांगायचं की ‘हो’ आलं तर काय होईल, ‘नाही’ आलं तर काय होईल, कोणाकोणाला कळवलं जाईल. कारण संमती द्यायची ती थुंकण्याला नाही, कळण्याला. तिसरा: निकाल दिल्यावर पुढचा हात येईपर्यंत आपला हात सोडायचा नाही. डॉक्टर असोत, आशाताई असोत, गोळ्या देणारा सुपरवायझर असो, त्यांच्यापैकी एकाने त्या माणसाला नावाने हाक मारली की माझं काम संपलं.

हे नियम एका कॉन्ट्रॅक्टवरच्या टेक्निशियनच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही, हेही मला कळतं. चिपची खरेदी होते, तिचा स्टॉक मोजला जातो, एक्स्पायरी तपासली जाते. निकालानंतर माणसाशी बोलायला लागणारी दहा मिनिटं मात्र कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतात. ती तिथे यायला हवीत, म्हणजे त्यांच्यासाठी माणूस नेमावा लागेल, आणि ती संपली की ती संपल्याचंही कळेल.

ही चर्चा फक्त सरकारी दवाखान्याची नाही. चाचण्या लहान होत होत घराकडे निघाल्या आहेत. गरोदरपणाची पट्टी मेडिकलवर मिळते, करोनाचं किट आपण 2021-22 मध्ये घरी वापरलं. उद्या यातलं आणखी बरंच काही तुमच्या मोबाइलला जोडून तुमच्याच हातात येईल. तेव्हा तपासणारे तुम्ही, वाचणारे तुम्ही आणि ज्याच्याबद्दल कळलं तेही तुम्हीच. रात्री अकरा वाजता, खोलीचं दार लावून. त्या वेळी उत्तर बरोबर येईल याची काळजी कंपन्या घेतील. उत्तर आल्यावर पहिला फोन कोणाला करायचा, हे मात्र चाचणी करण्याआधी तुम्हालाच ठरवून ठेवावं लागेल.